खाऱ्या पाण्याचा पापुद्रा कधी टिकतो आणि कधी फाटतो? तेलसाठ्याच्या खडकाच्या वेटेबिलिटीविषयी

प्रश्न

नमस्कार. तेलसाठ्याच्या खडकांची वेटेबिलिटी, म्हणजे तेल आणि पाणी दोन्ही समोर असताना खडकाचा पृष्ठभाग त्यांपैकी कोणाला जवळ करतो, हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. आजवर वाचलेल्या बहुतेक लेखनातून माझी अशी समजूत झाली होती की, खडकाचा कण आणि तेल यांच्यामध्ये खाऱ्या पाण्याचा अतिशय पातळ पापुद्रा असतो. पाण्यातील क्षार वाढले की हा पापुद्रा फाटतो आणि खडक तैलस्नेही होतो, तर क्षार कमी केले की पापुद्रा जाड होतो आणि खडक पुन्हा जलस्नेही होतो. कमी क्षारतेचे पाणी साठ्यात सोडून अधिक तेल मिळवण्याच्या पद्धतीचे स्पष्टीकरणही अनेक ठिकाणी याच एका वाक्यात दिलेले असते.

माझ्या प्रयोगात मात्र वेगळेच दिसले. काचेच्या स्वच्छ पट्ट्या वेगवेगळ्या सोडियम क्लोराइड द्रावणांत भिजवून, निथळून, त्या कच्च्या तेलात ८० अंश सेल्सिअसला तीन आठवडे ठेवल्या, नंतर धुऊन पाणी आणि डेकेन (एक शुद्ध हायड्रोकार्बन द्रव) यांच्यातील स्पर्शकोन पाण्याच्या बाजूने मोजला. सामू (पीएच) ८ आणि ०.०१ मोलर द्रावणातील पट्टी अपेक्षेप्रमाणे जलस्नेही राहिली. परंतु सामू ४ असताना ०.०१ मोलर द्रावणातील पट्टीवर स्पर्शकोन काटकोनाच्या बराच पुढे गेला, म्हणजे ती सर्वांत जास्त तैलस्नेही झाली, आणि त्याच सामूला १ मोलर द्रावणातील पट्टी मात्र मधल्या अवस्थेत राहिली. शेवटी सामू ८ ला सोडियमऐवजी थोडे कॅल्शियम क्लोराइड वापरले, तेव्हा जी पट्टी जलस्नेही राहायला हवी होती तिलाही तेल चिकटले.

प्रयोग तीनदा केला आणि क्रम तोच आला. क्षार कमी असताना पापुद्रा अधिक टिकायला हवा, तर सामू ४ ला नेमके उलट का घडते? माझ्या मोजणीत दोष आहे, की माझी मूळ समजूतच अपुरी आहे?

उत्तर १

तुमच्या मोजणीत मला दोष दिसत नाही. जिल बकली, नॉर्मन मॉरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ पासून पुढे काचेवर आणि सिलिकावर जे प्रयोग केले, त्यांतून दिसणारा क्रम साधारण हाच आहे. अपुरी आहे ती «क्षार वाढले की पापुद्रा फाटतो» ही समजूत, कारण तिच्यात पापुद्र्याच्या दोन्ही बाजूंचा विद्युतभार कोणत्या चिन्हाचा आहे हा प्रश्न विचारलेलाच नाही. माझ्या मते या विषयातील निम्म्याहून अधिक गोंधळ हा प्रश्न वगळल्यामुळे होतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

पापुद्र्याला दोन तोंडे आहेत: एक खनिज आणि पाणी यांच्यातील, दुसरे तेल आणि पाणी यांच्यातील. दोन्हींवर विद्युतभार असतो आणि दोन्ही ठिकाणी तो सामूवर अवलंबून असतो. क्वार्ट्झ किंवा काचेचा पृष्ठभाग सामू २ ते ३ च्या आसपास भारहीन असतो. त्यापुढे सामू वाढेल तसा तो अधिकाधिक ऋणभारित होतो. कच्च्या तेलात कार्बॉक्सिलिक आम्ले असतात, तसेच नायट्रोजनयुक्त क्षारकेही (बेस) असतात. सामू ८ ला आम्लांचे हायड्रोजन सुटलेले असल्यामुळे तेलाचा पृष्ठभाग ऋणभारित असतो. सामू ४ ला ती आम्ले बहुतांशी अखंड राहतात आणि क्षारके मात्र हायड्रोजन आयन घेऊन धनभारित होतात, त्यामुळे पुरेशी क्षारके असलेल्या तेलाचा पृष्ठभाग धनभारित होऊ शकतो. म्हणजे सामू ८ ला दोन्ही तोंडे ऋण आणि एकमेकांना दूर ढकलणारी, तर सामू ४ ला काच थोडीशी ऋण, तेल धन, आणि दोघांत ओढ.

आता क्षारांचे काम पाहू. क्षार या ढकलण्याचे किंवा ओढण्याचे चिन्ह सहसा ठरवत नाहीत; ते त्या बलाची पोहोच ठरवतात. सोडियम क्लोराइडच्या ०.०१ मोलर द्रावणात २५ अंशांना ही पोहोच, म्हणजे डिबाय लांबी, सुमारे ३ नॅनोमीटर असते. १ मोलर द्रावणात ती ०.३ नॅनोमीटरवर येते, म्हणजे जवळजवळ पाण्याच्या एका रेणूच्या आकाराइतकी. त्यामुळे कमी क्षारतेला विद्युत बल दूरवर पोहोचते, मग ते दूर ढकलणारे असो वा जवळ ओढणारे. सामू ८ ला त्याने तुमचा पापुद्रा सांभाळला. सामू ४ ला त्याच पोहोचेने तेल काचेपर्यंत ओढून आणले. १ मोलरला ही ओढ झाकली गेली, म्हणून तुमची ती पट्टी कमी बिघडली.

आकडे डोळ्यांसमोर असले की हे अधिक पटते. दोन्ही तोंडांवर ५० मिलिव्होल्टचा एकाच चिन्हाचा विभव, हॅमेकर स्थिरांक (रेणूंमधील व्हॅन डर वाल्स आकर्षण किती तीव्र आहे ते सांगणारी संख्या) १० च्या उणे २० व्या घाताइतके ज्यूल आणि पापुद्र्याची जाडी ३ नॅनोमीटर धरली, तर देरियागिन, लांदाऊ, फेरवे आणि ओव्हरबेक यांच्या सिद्धांतानुसार, म्हणजे ज्याला आपण डीएलव्हीओ म्हणतो त्यानुसार, ०.०१ मोलर द्रावणात दूर ढकलणारा दाब सुमारे १२० किलोपास्कल येतो आणि व्हॅन डर वाल्स आकर्षणाचा दाब सुमारे २० किलोपास्कल. पापुद्रा आरामात टिकतो. त्याच जाडीला १ मोलर द्रावणात ढकलणारा दाब २ किलोपास्कलच्याही खाली जातो, आकर्षण मात्र तेवढेच राहते. पापुद्रा तिथे थांबू शकत नाही, तो आणखी पातळ होतो.

यापुढची पायरी अनेक लेखनांत गळून जाते. पातळ होणे म्हणजे पूर्ण नाहीसे होणे नव्हे. एक नॅनोमीटरच्या आत डीएलव्हीओचा हिशेब विश्वासार्ह राहत नाही. तिथे पृष्ठभागाला धरून बसलेल्या पाण्याच्या रेणूंचे, म्हणजे हायड्रेशनचे, बल पुढे येते. तेलातील ध्रुवीय रेणू खनिजावर बसण्यासाठी त्यांना हे शेवटचे पाणी दूर सारावे लागते. सामू ४ आणि ०.०१ मोलरला धनभारित क्षारके ते करू शकतात, कारण ऋण पृष्ठाची ओढ त्यांच्या पाठीशी असते. १ मोलरला पापुद्रा अतिशय पातळ असला तरी तेवढी ओढ नसते. तुमची मधली अवस्था मला यातूनच आलेली वाटते.

कॅल्शियमचे प्रकरण वेगळे आहे. सामू ८ ला दोन्ही तोंडे ऋण आहेत हे खरे, परंतु द्विभारी कॅल्शियम आयन एका बाजूने काचेवरील ऋण जागा आणि दुसऱ्या बाजूने तेलातील कार्बॉक्सिलेट धरू शकतो. तो बांधणारा दुवा होतो. शिवाय तो पृष्ठांना चिकटून त्यांचा ऋणभारच कमी करतो, म्हणजे इथे क्षार केवळ पोहोच बदलत नाही, बलाच्या मुळावरच हात घालतो. म्हणून एकूण क्षारांचे प्रमाण ही एकच संख्या देऊन वेटेबिलिटीविषयी काही सांगणे मला मान्य नाही; कोणते आयन आहेत ते सांगितलेच पाहिजे.

उत्तर २

वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु काचेच्या पट्टीवरून खडकाकडे जाताना एक मोठी गोष्ट सुटते, ती नोंदवतो. तुमच्या पट्टीवरच्या पापुद्र्याला तेलाने फारसे दाबलेलेच नाही. खडकाच्या रंध्रात तेल शिरते तेव्हा ते केशिका दाबाने पाण्याला दाबत असते, आणि पापुद्र्याला त्या दाबाविरुद्ध उभे राहावे लागते. आंतरपृष्ठीय ताण मीटरला २५ मिलिन्यूटन आणि रंध्राची त्रिज्या १ मायक्रोमीटर धरली, तर हा दाब ५० किलोपास्कलच्या घरात जातो. वरच्याच गृहीतकांवर हिशेब केला, तर ०.०१ मोलरचा पापुद्रा तो दाब पेलून सुमारे ५ नॅनोमीटर जाडीला स्थिर होतो. विभव बराच कमी असता, तर तोच दाब त्याला पेलला नसता; द्रावण अधिक खारे असते, तर तो याहून बराच पातळ झाला असता.

साठ्यात हा दाब सगळीकडे सारखा नसतो. तेल आणि पाणी यांच्या घनतेतील फरक घनमीटरला २०० किलोग्रॅम असेल, तर मुक्त पाणीपातळीच्या, म्हणजे केशिका दाब शून्य असलेल्या पातळीच्या, वर दर मीटरला केशिका दाब सुमारे २ किलोपास्कलने वाढतो, म्हणजे २५ मीटर वर गेल्यावर ५० किलोपास्कल होतो. त्यामुळे एकाच खडकात, एकाच तेलाने आणि एकाच खाऱ्या पाण्याने भरलेल्या साठ्यात, खालचा भाग जलस्नेही आणि वरचा भाग तैलस्नेहीपणाकडे झुकलेला असू शकतो. «या साठ्याची वेटेबिलिटी किती?» या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर देणारे अहवाल वाचताना मला नेहमी हे आठवते.

कणाच्या आकाराचाही वाटा आहे. तेलाकडे फुगवटा असलेल्या पृष्ठावर पापुद्र्याला केशिका दाबापेक्षा थोडा अधिक दाब सोसावा लागतो आणि आत वळलेल्या खळग्यात थोडा कमी. म्हणून फुगवट्यांवर पापुद्रा आधी फाटतो. कणांच्या सांदीकोपऱ्यांत आणि तेल ज्यांत शिरलेच नाही अशा बारीक रंध्रांत मात्र पाणी राहते आणि तो पृष्ठ जलस्नेही राहतो. मोठी रंध्रे तैलस्नेही आणि बारीक जागा जलस्नेही, अशी ही मिश्र वेटेबिलिटी आर. ए. सॅलॅथिएल यांनी १९७३ मध्ये ईस्ट टेक्सास क्षेत्राच्या संदर्भात मांडली. अशा खडकात तेल मोठ्या रंध्रांच्या भिंतींवरून सलग थर धरून वाहत राहते आणि पाणी सोडत राहिल्यास उरलेल्या तेलाचे प्रमाण खूप खाली जाऊ शकते, हे त्यांनी दाखवले. पुढे १९९३ मध्ये कोव्हसेक, वाँग आणि रॅडके यांनी ही अवस्था पापुद्र्याच्या फाटण्यातून कशी घडते, याचे रंध्राच्या पातळीवरचे चित्र मांडले.

एक आनुषंगिक गोष्ट सांगतो, कारण तिच्याकडे फार कमी जणांचे लक्ष जाते. पापुद्रे सलग असणे विद्युत रोधाच्या मोजणीसाठीही महत्त्वाचे असते. विद्युत रोधावरून खडकातील पाण्याचे प्रमाण काढण्यासाठी आर्चीचे समीकरण वापरतात; जलस्नेही खडकात त्यातील संपृक्तता घातांक साधारण २ असतो. पापुद्रे तुटले की पाणी विलग थेंबांत अडकते, विद्युत मार्ग खंडित होतात आणि हा घातांक त्याहून बराच वाढतो. तरीही २ धरूनच हिशेब केला, तर खडकात पाणी प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा कमी दिसते आणि तेलाचा अंदाज फुगतो.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. चिन्ह आणि पोहोच यांतील फरक लक्षात आल्यावर माझे चारही निकाल एका चौकटीत बसले. परंतु यातून दुसरी शंका निर्माण झाली. साठ्यात तेल शिरले तेव्हाचे पाणी खूप खारे होते आणि पापुद्रा लाखो वर्षांपूर्वी फाटला. तेलातील अस्फाल्टीन (तेलाचे सर्वांत जड घटक) आणि इतर ध्रुवीय रेणू तेव्हापासून कणांवर बसलेले आहेत. मग आज कमी क्षारतेचे पाणी सोडल्याने तो पापुद्रा पुन्हा तयार कसा होईल? डिबाय लांबी वाढली, तरी जिथे पाणीच उरलेले नाही तिथे ती कशावर काम करणार?

उत्तर ३

हा प्रश्न मला मूळ प्रश्नापेक्षाही महत्त्वाचा वाटतो, आणि माझ्या समजुतीप्रमाणे त्यावर अजून एकमत नाही. पापुद्रा फाटणे आणि तो पुन्हा येणे या एकमेकींच्या उलट दिशेने चालणाऱ्या सोप्या प्रक्रिया नाहीत. आधी बसलेले रेणू सुटावे लागतात, आणि त्यासाठी त्यांना धरणारा दुवा तुटावा लागतो.

टँग आणि मॉरो यांनी १९९० च्या दशकात वालुकाश्मावर केलेल्या प्रयोगांतून तीन अटी पुढे आल्या: तेल ध्रुवीय घटक असलेले कच्चे तेल हवे, खडकात मूळचे पाणी हवे आणि खडकात चिकणमातीची खनिजे हवीत. शुद्ध केलेल्या तेलाने परिणाम दिसला नाही. खडक भाजून बारीक कण जागीच पक्के केले, तेव्हाही परिणाम नाहीसा झाला. मूळचे पाणी हवे ही अट तुमच्या शंकेशी थेट जोडलेली आहे. सगळे पाणी कधीच जात नाही. सांदीकोपऱ्यांत आणि चिकणमातीच्या थरांत ते असते, आणि कमी क्षारतेचे पाणी त्या वाटेने पापुद्रा फाटलेल्या जागांच्या कडेपर्यंत पोहोचू शकते.

कडेपर्यंत पोहोचल्यावर काय घडते, याबद्दल मते वेगळी आहेत. लागर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये आयनांच्या अदलाबदलीची कल्पना मांडली: चिकणमातीवर तेलाला धरून ठेवणारे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे दुवे सुटतात आणि त्यांच्यासोबत तेलाचे घटकही सुटतात. लिग्थेल्म आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये विद्युत दुहेरी थराच्या, म्हणजे भारित पृष्ठ आणि त्यालगत जमलेले आयन यांच्या थराच्या, फुगण्यावर भर दिला. ऑस्टाड यांच्या गटाने २०१० मध्ये असे मांडले की कॅल्शियम सुटल्यावर त्याच्या जागी पाण्यातील हायड्रोजन आयन बसतो, त्यामुळे पृष्ठालगतचा सामू वाढतो आणि आम्ले व क्षारके दोन्ही सुटतात. माझ्या दृष्टीने या एकमेकींना खोडणाऱ्या कल्पना नाहीत. दुवा सुटणे आधी आणि थराचे फुगणे नंतर, असा क्रम मला पटतो. केवळ फुगण्याने सगळे घडते असे म्हणणाऱ्यांनी तुमच्या शेवटच्या वाक्यातील शंकेचे उत्तर द्यायला हवे.

प्रत्यक्ष साठ्यांतील अनुभवही एकसारखा नाही. शेटलंडच्या पश्चिमेस बीपीने चालवलेल्या क्लेअर रिज प्रकल्पातून नोव्हेंबर २०१८ मध्ये तेल येऊ लागले. तिथे कमी क्षारतेचे पाणी सोडण्याची योजना सुरुवातीपासूनच आराखड्यात होती. याउलट नॉर्वेच्या स्नोरे क्षेत्रात केलेल्या चाचण्यांत उल्लेखनीय परिणाम दिसला नाही, आणि तिथली वेटेबिलिटी आधीच जवळजवळ अनुकूल असल्याचे कारण संशोधकांनी दिले. जडहुनंदन आणि मॉरो यांनी १९९५ मध्ये दाखवले होते की पाणी सोडून मिळणारे तेल सर्वाधिक असते ते खडक किंचित जलस्नेही असताना. पूर्ण जलस्नेही खडकात पापुद्रे रंध्रांच्या अरुंद गळ्यांत फुगून तेलाचा धागा तोडतात आणि तेल थेंबांच्या रूपाने अडकते. म्हणून «जितका जलस्नेही तितका चांगला» ही धारणाही सोडून द्यावी.

चुनखडकाविषयी थोडक्यात लिहितो, कारण तो स्वतंत्र विषय आहे. कॅल्साइटचा पृष्ठ साठ्यातील कॅल्शियमयुक्त पाण्यात बहुधा धनभारित असतो आणि तेलातील आम्ले ऋण, म्हणून तिथे ओढ सुरुवातीपासूनच असते. उत्तर समुद्रातील एकोफिस्क तेलक्षेत्राच्या चॉकमध्ये (मऊ चुनखडकात) १९८७ पासून समुद्राचे पाणी सोडले जाते आणि साठ्याचे तापमान सुमारे १३० अंश आहे. समुद्राच्या पाण्यातील सल्फेट कॅल्साइटवर बसून त्याचा धनभार कमी करते, त्यामुळे कॅल्शियमला जवळ येऊन कार्बॉक्सिलेट सोडवता येते, असे ऑस्टाड यांच्या गटाचे म्हणणे आहे. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ते कमी क्षारतेचे पाणी मुळीच नव्हे, तरीही ते चॉकला जलस्नेही करते. पहिल्या उत्तरातील आयनांचा मुद्दा याहून स्पष्टपणे कुठे दिसेल असे मला वाटत नाही.

उत्तर १ (पुन्हा)

तिसऱ्या उत्तरातील क्रम मला मान्य आहे. दुहेरी थराचे फुगणे पाणी पुन्हा आत आल्यावरच कामाला येते. तुमच्या पुढच्या प्रयोगांसाठी काही सूचना करतो.

झेटा विभव, म्हणजे पृष्ठालगतच्या भाराचे चिन्ह आणि प्रमाण सांगणारे माप, दोन्ही पृष्ठांचा मोजा, म्हणजे काचेच्या भुकटीचा आणि त्याच द्रावणात विखुरलेल्या तुमच्या तेलाच्या थेंबांचाही. बहुतेक जण केवळ खनिजाचा मोजतात आणि तेलाचे चिन्ह गृहीत धरतात. १ मोलर द्रावणात ही मोजणी अवघड असते आणि आकडे शून्याजवळ येतात. तिथे चिन्हावरून निष्कर्ष काढू नका. तेलाचे आम्ल मूल्य आणि क्षारक मूल्य तुमच्याकडे नसेल तर करून घ्या. सामू ४ च्या निकालाचे माझे स्पष्टीकरण त्या क्षारक मूल्यावरच उभे आहे. ते नगण्य निघाले तर माझे म्हणणे मागे घ्यावे लागेल. तीन आठवड्यांत काच थोडी विरघळते आणि सामू सरकतो, म्हणून शेवटी तो पुन्हा मोजा. दुसऱ्या उत्तरातील केशिका दाबाचा मुद्दा तपासायचा असेल, तर त्याच द्रावणांनी भरलेला वालुकाश्माचा कोअर (दंडगोलाकार नमुना) सच्छिद्र पट्टिकेवर दोन वेगळ्या दाबांना तेलाने भरा आणि मगच तो मुरवत ठेवा.

आणि पट्टी तेलातून काढल्यावर ती कशाने धुतली, हे तुम्ही लिहिलेले नाही. टोल्युइनने पुष्कळदा धुतल्यास बसलेले अस्फाल्टीनही निघू शकतात. हेप्टेनने धुतल्यास उलट पट्टीवर राहिलेल्या तेलातून अस्फाल्टीन अवक्षेपित होऊन पृष्ठावर बसण्याचा धोका असतो, आणि मग तुम्ही मोजलेला स्पर्शकोन पापुद्र्याच्या फाटण्याचा नसून धुण्याचा असतो. चारही पट्ट्या एकाच द्रावकाने, एकाच कालावधीसाठी धुतल्या होत्या का, ते कृपया कळवा.